विडी-सिगारेट सुटत का नाही? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधाच्या दुकानात बसलं की हे प्रश्न रोज कानावर येतात. कोणी थेट विचारतं, कोणी खोकल्याचं औषध घेता घेता, कोणी बायकोला पुढं करून. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. उत्तरं विडी आणि सिगारेट दोन्हींना लागू आहेत. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

मनात आणलं की सुटते म्हणतात. मग माझी का सुटत नाही?

मनात आणणारे कमी नाहीत हो. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या ओढणाऱ्यांपैकी ३८.५ टक्के लोकांनी मागच्या वर्षभरात सोडायचा प्रयत्न केला होता. पण औषध नाही, सल्ला नाही, नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने-वर्षभर टिकतात ते तीन ते पाच. बाकीचे सगळे काय मनाने कच्चे? डबल पाळी करून मुलीच्या लग्नाचं कर्ज फेडणारा, मे महिन्यात पत्र्याखाली माग चालवणारा माणूस मनाने कच्चा आहे असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याने, १९८८ च्या अहवालात मांडलं होतं की निकोटीनचं व्यसन ज्या पद्धतीने जडतं ती हेरॉइन-कोकेनसारखीच आहे. आपल्याकडे अजून दारू पिणाऱ्याला दवाखान्यात नेतात आणि विडी ओढणाऱ्याला फक्त टोमणे मारतात. उपचार दोघांनाही लागतो.

निकोटीन मेंदूत नेमकं करतं तरी काय?

झुरका मारल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटीन फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचतं. मेंदूच्या पेशींवर ॲसिटिलकोलीन या आपल्याच शरीरातल्या रसायनासाठी जागा असतात. निकोटीन त्या जागा पटकावतं आणि त्यातून डोपामीन सुटतं. जेवण मिळाल्यावर, शाबासकी मिळाल्यावर हेच डोपामीन सुटतं आणि मेंदू लक्षात ठेवतो, की हे चांगलं झालं, हे परत करायचं. दिवसाला दहा सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा-बारा झुरके धरले तर हा धडा मेंदू रोज शंभरावर वेळा गिरवतो. शाळेत आपण पाढेसुद्धा इतके म्हटले नाहीत.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. सतत निकोटीन मिळत राहिलं की मेंदू त्या जागांची संख्या वाढवतो. आता वाढलेल्या जागा भरायला जास्त निकोटीन हवं. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, जागा रिकाम्या पडू लागतात आणि माणूस खिसे चाचपू लागतो. हीच तलफ. रात्रभरात निकोटीन तळाला गेलेलं असतं, म्हणून सकाळची पहिली सोडणं सगळ्यांत जड जातं. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो "दिवसाला किती?" हा नसतो, "उठल्यावर किती वेळाने?" हा असतो. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन मुरलेलं आहे असं धरतात.

वाढलेल्या जागा कायम राहत नाहीत. पूर्ण बंद केल्यावर सहा ते बारा आठवड्यांत त्या न ओढणाऱ्या माणसाइतक्या होतात.

पण ओढली की टेन्शन उतरतं, हे तर मी स्वतः अनुभवतो.

अनुभव खरा आहे, हिशेब चुकीचा आहे. दोन तास न ओढल्यामुळे जी चिडचिड, बेचैनी, डोक्यातला गोंधळ तयार झाला तो ओढल्यावर गेला, एवढंच झालेलं असतं. हा सावकार आधी तुम्हाला कर्जात घालतो आणि मग व्याज भरायला स्वतःच उसने देऊन उपकार केल्यासारखं दाखवतो. बँकेचा हप्ता, मालकाची बोलणी, घरातलं आजारपण यातलं काहीही विडीने हललेलं नसतं. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासलं, तर सोडलेल्यांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमी झालेला दिसला. पहिले काही दिवस मात्र उलटं वाटतं, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच परत वळतात.

विडी पानाची असते. सिगारेटपेक्षा बरी ना?

नाही. सोलापुरात घराघरात विडी वळली जाते, म्हणून ती आपल्याला घरचीच वाटते, पण धुराला ते कळत नाही. विडीत तंबाखू सिगारेटच्या चौथाई-तिहाईच असते, पण त्या तंबाखूत दर ग्रॅममागे निकोटीन जास्त असतं. तेंदूपानातून हवा आरपार जात नाही आणि विडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला झुरके जोरात आणि पटापट मारावे लागतात, त्यामुळे टार (धुरातला डांबरासारखा चिकट पदार्थ) आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सिगारेटइतकं किंवा जास्तच आत जातं. "लाइट" सिगारेटचंही तेच. धूर सौम्य लागला की माणूस नकळत खोल ओढतो.

बायको घरी विड्या वळते. तिलाही याचा त्रास होतो का?

होतो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दिवसभर बोटं त्यातच, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. विडी कामगारांच्या लघवीत कोटिनीन, म्हणजे शरीरात निकोटीन मोडून तयार होणारा पदार्थ, सापडलेला आहे. जिने आयुष्यात एक झुरका मारला नाही तिच्याही. निकोटीन कातडीतून आत जातं आणि तंबाखूची भुकटी श्वासातून. वळायचं दार-खिडकीजवळ, हात साबणाने धुतल्याशिवाय पीठ मळायचं नाही, तंबाखूची पिशवी झोपायच्या खोलीत ठेवायची नाही, लहान लेकरू मांडीजवळ घ्यायचं नाही. "काम सोडून द्या" हा सल्ला मी देत नाही, कारण त्या हजाराच्या पैशावर शहराच्या पूर्व भागातली कितीतरी पोरं शिकली आहेत.

आणि नवऱ्याने सोडली असेल तर घरात कायम विड्यांचे कट्टे समोर असणं ही वेगळीच परीक्षा. तयार माल वेगळ्या ठिकाणी, झाकून ठेवायचा आणि कारखान्यात पोचवायचं काम काही आठवडे दुसऱ्या कोणाकडे द्यायचं.

सोडल्यावर त्रास किती दिवस होतो?

काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला जातो, दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. चिडचिड, झोप मोडणं, लक्ष न लागणं, भूक वाढणं, मन उदास होणं हे सगळं त्यात आलं. तोंड येतं. काहींचा खोकला उलट वाढतो, कारण श्वासनलिकेतली केसांसारखी लव पुन्हा कामाला लागून साठलेली घाण बाहेर ढकलू लागते. हा खोकला बघून "सोडल्यामुळेच छाती बिघडली" म्हणत परत सुरू करणारे गिऱ्हाईक मी बघितले आहेत. (रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांच्या वर चालला तर मात्र तपासून घ्या, थुंकी तपासा.)

एकेक तलफ फार लांबत नाही, बहुधा तीन ते पाच मिनिटांत तिचा जोर जातो. तेवढी वेळ काढायची.

सकाळी विडीशिवाय पोट साफ होत नाही. त्याचं काय?

निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून हे खोटं नाही. सोडल्यावर काहींना दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठता होते. उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू-पपई, आणि गरज पडली तर रात्री इसबगोल. संडासात विडी न्यायची सवय असेल तर जाण्याची वेळ तीच ठेवा, फक्त आधी चार पावलं चाला.

चहाबरोबर राहवत नाही.

सगळ्यांचंच तसं. टपरीवरचा हाफ चहा, बाजूला खांबाला टांगलेली धुमसणारी काथ्याची दोरी, शेजारी ओळखीचा माणूस. यातली एक गोष्ट दिसली की मेंदू बाकीच्या मागतो. शरीरातलं निकोटीन संपून महिना झाला तरी ही खूण शाबूत असते. सोडल्यावर तीन-चार महिन्यांनी अचानक कडक तलफ येते ती यामुळेच. ती आली म्हणजे उपचार वाया गेले असं नाही.

एक गोष्ट मात्र चहावाल्यांना कोणी सांगत नाही. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन भराभर मोडत असतं. ओढणं थांबलं की हा वेग उतरतो, आणि तेवढाच चहा प्यायलात तरी रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट राहू शकतं. मग छातीत धडधड होते, हात थरथरतात, झोप लागत नाही, आणि सगळं खापर सोडण्यावर फुटतं. दिवसाला आठ चहा असतील तर सोडायच्या दिवसापासून चारवर या. पहिले पंधरा दिवस टपरी बदला किंवा चहा घरचाच घ्या.

मागावर सगळेच ओढतात. मी एकटा कसा सोडू?

या प्रश्नावर जास्त लिहितो, कारण सोलापुरात खरी अडचण इथे आहे. यंत्रमागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, आवाज इतका की शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पाळी लांब. अशा ठिकाणी माग सोडून नुसतंच दारात उभं राहिलेल्या माणसाला विचारणा होते, विडी ओढणाऱ्याला होत नाही. म्हणजे विडी ही तिथली एकमेव मान्य सुट्टी आहे. जो सोडतो त्याची विडीच नाही, विश्रांतीही जाते, आणि जोडीदारांबरोबरच्या चार गप्पाही.

म्हणून विडी सोडा, सुट्टी सोडू नका. त्याच वेळेला बाहेर या, पण दुसऱ्या दाराला. पाण्याची बाटली, मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, लवंग-वेलदोडा खिशात ठेवा. तोंडाला आणि हाताला काम हवं. एका तरी जोडीदाराला आधी सांगून ठेवा की मला देऊ नकोस, मागितली तरी. दोघांनी मिळून सोडली तर फारच बरं. मालक मंडळी हे वाचत असतील तर त्यांना एवढंच म्हणेन, की विडी न ओढणाऱ्यालाही पाच मिनिटं द्या. कायद्याने तर खात्यात ओढायला बंदीच आहे. कामाची जागा ही सार्वजनिक जागेत धरली जाते, नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत आणि २०० रुपयांपर्यंत दंड आहे.

राहिली सुटी सिगारेट, म्हणजे पाकिटाऐवजी एकेक विकली जाणारी. महाराष्ट्रात २०२० पासून सुटी विडी-सिगारेट विकायला मनाई आहे. टपरीवर गेल्यावर हे कोणाला आठवत नाही, तो भाग वेगळा. पण सोडलेला माणूस परत लागतो तो पाकीट घेऊन नव्हे, एक सुटी घेऊन.

सिगारेट सोडून मावा धरला तर चालेल का?

मावा म्हणजे तंबाखू, चुना आणि सुपारी. नाव बदलतं, निकोटीन तेच राहतं. तंबाखूला चुना लावला की निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने आत शिरतं. चुन्याचं खरं काम तेच. सुपारी स्वतः कर्करोग करणारी आहे, आणि तोंड उघडेनासं होतं ते मुख्यतः तिच्यामुळे. आपल्या राज्यात सुरुवातीला सांगितलेल्या २०१६-१७ च्या सर्वेक्षणात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि चघळणारे-घासणारे २४.४ टक्के. मशेरी त्यातच. ई-सिगारेट भारतात २०१९ च्या कायद्याने बंद आहे.

हळूहळू कमी करू की एकदम बंद?

एकदम. इंग्लंडमध्ये २०१६ साली छापून आलेल्या चाचणीत दोन्ही गटांना औषध आणि सल्ला सारखाच दिला होता. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के टिकून होते, हळूहळू वाल्यांतले ३९. वीसच्या दहा केल्या तरी माणूस त्या दहा जास्त खोल ओढतो आणि प्रत्येकीची वाट बघत बसतो. ज्याला एकदम अगदीच झेपत नाही त्याने औषधाच्या आधाराने कमी करत शेवटची तारीख ठरवावी. तारीख पगाराच्या दिवशी किंवा लग्नसराईत नको.

माळ घातली की सुटते, हे खरं का?

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे तुळशीची माळ घालून सगळं सोडलेली माणसं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. पूर्व भागात थंडीच्या तोंडावर काळे कपडे घालून अय्यप्पा स्वामींची ४१ दिवसांची दीक्षा घेणारे असतात. रमजानमध्ये दिवसभर न ओढणारे तर हजारोंनी. याच्यात डॉक्टरकीच्या दृष्टीने सुद्धा दम आहे. चारचौघांत शब्द दिलेला असतो, संगत बदलते, दिनक्रम बदलतो, आणि कोणी "घे रे एक" म्हणत नाही. जे समुपदेशक सांगतात ते सगळं आपसूक होतं.

दीक्षेचे ४१ दिवस म्हणजे शरीराचा त्रास संपून वर दहा-बारा दिवस. इतकं कमावल्यावर माळ उतरवायच्या दिवशी पहिली विडी पेटवणं हा माझ्या मते शुद्ध घाटा आहे. उतरवायच्या आधीच बेचाळिसाव्या दिवशी कुठे असायचं आणि कोणाबरोबर, ते ठरवून ठेवा. रमजानचं थोडं वेगळं, कारण इफ्तारनंतर ओढली की चक्र रोज नव्याने सुरू होतं. तरी चौदा-पंधरा तास राहता येतं हे सिद्ध झालेलंच असतं.

निकोटीनचा गम खरंच चालतो का? मला तर काही फरक पडला नाही.

निकोटीनचे गम किंवा पट्ट्या वापरल्या तर टिकण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. फरक न पडलेल्यांपैकी बहुतेकांनी तो नेहमीच्या च्युइंग गमसारखा कचाकचा चघळलेला असतो. तसं केलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, मळमळ होते, उचक्या लागतात आणि तलफ तिथेच राहते.

पद्धत अशी. हळू चावा. तिखट, झिणझिण्या आल्यासारखी चव लागली की थांबा आणि गम गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, आता दुसऱ्या बाजूला ठेवा. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक नको, कारण आंबटपणाने निकोटीन शोषलं जात नाही. सिगारेटसारखी किक यात येणार नाही. निकोटीन हळू चढतं, आणि तेच हवं आहे.

दुसरी चूक म्हणजे कंजुषी. दिवसाला पंधरा विड्या ओढणारा दोन गमवर भागवू बघतो. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत साधारण बारा आठवड्यांत बंद. उठल्यावर अर्ध्या तासात ओढणाऱ्यांना ४ मिलिग्रॅमचा लागतो, इतरांना २ चा. अंगावर पट्टी आणि तलफेला गम असं दोन्ही वापरलं तर एकट्या गमपेक्षा चांगलं काम होतं. कर्करोग मुख्यतः धुरातल्या टारने आणि इतर विषांनी होतो, गममध्ये ते नसतं. गरोदर बाई, नुकताच हार्ट अटॅक आलेला माणूस यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

गोळ्याही असतात म्हणे?

असतात, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. व्हॅरेनिक्लीन निकोटीनच्याच जागांवर अर्धवट बसते, त्यामुळे तलफ कमी होते आणि मध्येच ओढली तरी मजा येत नाही. ब्युप्रोपिऑन दुसरी. फिट येणाऱ्यांना ती देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली सोडण्याच्या उपचारांवर पहिली मार्गदर्शिका काढली, त्यात या दोन्ही, निकोटीनचे गम-पट्ट्या आणि सायटिसिन हे आणखी एक औषध यांची शिफारस आहे. व्हॅरेनिक्लीनने डोकं फिरतं अशी भीती होती. आठ हजारांवर लोकांच्या चाचणीचे निकाल २०१६ साली आले, त्यात तसं आढळलं नाही.

वजन वाढेल ना?

बहुधा, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो. काहींचं वाढत नाही.

साठी आली. आता सोडून काय उपयोग?

ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं नजर ठेवलेला अभ्यास आहे. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांची जवळपास सगळी दहा वर्षं वाचली, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. तीन वर्षं म्हणजे नातवाची दहावी-बारावी बघता येते. शिवाय हार्ट अटॅकचा जादा धोका वर्षभरातच निम्म्यावर येतो.

दोन महिने सोडली होती. लग्नात मित्रांबरोबर बसलो आणि एक ओढली. आता?

एकच ना? मग तिथेच थांबा. "गेलंच आता" म्हणून पाकीट आणणं हे त्या एकीपेक्षा जास्त नुकसानीचं. कुठे, कोणाबरोबर, कशानंतर ओढली ते बघा. बहुतेक वेळा उत्तर दारू असतं, म्हणून पहिले दोन-तीन महिने बसणं टाळा. कायमची सुटलेल्या बहुतेकांची आधी कितीदा तरी परत लागलेली असते.

घरच्यांनी काय करावं?

पहिला आठवडा भांडू नये. त्या दिवसांतला आवाज निकोटीन मागणाऱ्या मेंदूचा असतो, उत्तर दिलं नाही तर तो विरतो. खिसे तपासू नयेत, शपथा घालू नयेत, पोरांसमोर उद्धार करू नये. घरात दुसरा कोणी ओढत असेल, सासरे, दीर, कोणीही, तर त्याने उंबऱ्याबाहेर जावं.

सोलापुरात मदत कुठे मिळेल?

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये केसपेपर काढा आणि तंबाखू सोडायची आहे एवढं स्पष्ट सांगा. मानसोपचार किंवा छातीविकार विभागात विचारणा करा. दातांच्या डॉक्टरांकडेही हा विषय काढता येतो. फोनवर हवं असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत, सोमवारी बंद. नंबर पाकिटावरच्या त्या भयानक चित्राखाली छापलेला असतो, पण चित्र झाकून पाकीट उघडायची सवय झाल्यामुळे तो कोणी वाचत नाही. मोबाइलवर रोज संदेश हवे असतील तर ०११-२२९०१७०१ ला मिस्ड कॉल द्या. मन फारच खचलं, जीव नकोसा वाटला तर वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा.

दुसरी औषधं चालू आहेत. सोडल्यावर ती बदलावी लागतात का?

काही बदलावी लागतात, आणि हे आधी विचारणारा गिऱ्हाईक दुर्मीळ. कॅफीनसारखंच दम्याचं थिओफिलिन, मानसिक आजारावरची क्लोझापीन आणि ओलान्झापीन ही धुरामुळे भराभर मोडली जातात. ओढणं थांबलं की तोच डोस जास्त पडू शकतो. ही औषधं चालू असतील तर सोडायची तारीख डॉक्टरांना आधी सांगा आणि स्वतःहून गोळी कमी-जास्त करू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे साखर जरा जास्त वेळा तपासावी. बाकी बीपीच्या नेहमीच्या गोळ्या आहेत तशा चालू ठेवायच्या.